आडून पाहिलेला शनी

माझं लग्न झालं आणि दोनच महिन्यांनी माझ्या सासऱ्यांना साडेसाती लागली. या दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडला नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.

मी रत्नागिरीकडची. शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं केलं, प्रमाणपत्र ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवलं आणि भाईंदरला नांदायला आले. सासरचं घर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे. घरामागे परसू, परसात विहीर, आणि कुंपण संपलं की थेट मिठागरं. मीरा रोडच्या दिशेला पाहिलं तर मिठाचे ढीग आणि आभाळ, तिसरं काही नाही. त्यातली बरीच आगरं आमच्या घरची होती. संध्याकाळी खारा वारा सुटला की दोरीवरचे कपडे वाळायचे सोडून ओले व्हायचे.

जोशीबुवांनी पत्रिका पाहून सासऱ्यांना सांगितलं होतं, "साडेसात वर्षं शनीची नजर आहे. नवीन कामात हात घालू नका." दुसऱ्या कुणी याचा अर्थ नवा धंदा काढू नये, एवढाच घेतला असता. माझे सासरे शब्दाचे पक्के. नवीन म्हणजे नवीन. नवीन गाय नाही, नवीन कौल नाही, नवीन चप्पलसुद्धा नाही. दुरुस्तीला मात्र मनाई नव्हती, कारण दुरुस्तीबद्दल जोशीबुवा काही बोलले नव्हते. त्यामुळे आमच्या घरात सगळ्या गोष्टी दुरुस्त होऊन यायच्या. सासूबाईंची चप्पल दुरुस्तीला गेली आणि दुसऱ्या रंगाची होऊन, कागदी खोक्यात बसून परत आली. विहिरीचा रहाट दुरुस्त झाला, तेव्हा त्यात जुन्यापैकी एक खिळा उरला होता. सासऱ्यांनी तो खिळा बोटाने चाचपला, मान हलवली आणि पाणी काढायला परवानगी दिली.

माझी मुलगी जन्मली तेव्हा तर ते बराच वेळ ओटीवर बोटांवर मोजत बसले होते. शेवटी त्यांनी निकाल दिला, "लगीन आधी झाला. ह्या त्याचाच पुढचा काम." मग बारसं झालं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी जुने हिशेब चुकते करायला बसले आहे. मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. मिठाच्या धंद्यात त्यांचा एकच नियम होता, दलालाशी बोलायचं नाही. "मानूस समोर आन. मी त्याचा तोंड बगून बोलीन," म्हणायचे. आणि ज्याच्याशी एकदा समोरासमोर बोलले, त्याच्याशी झालेला शब्द कधी फिरवायचे नाहीत.

आता नवरा. मुंबईच्या एका कारखान्यात फिटर. समोर 'अहो', कागदावर 'तो'. म्हातारपणाचा एवढा तरी फायदा घेते. त्याचा एक मोठा दोष होता, त्याला खोटं बोलता येत नसे. मला बघायला आला तेव्हा माझ्या आईने विचारलं, पोहे कसे झालेत? तर म्हणाला, "मीठ जास्त आहे." मिठागरवाल्याचा मुलगा! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण मला हसू आलं आणि हसू आलं की माणूस फसतो.

ज्या वर्षी माणसं चंद्रावर उतरली, त्या वर्षी माझ्या नवऱ्याला वाटलं, आपण निदान बघावं तरी. कारखान्यातल्या कुणाकडून त्याने दुर्बीण कशी बनवावी याचं एक पुस्तक आणलं. दुर्बीण म्हणजे मला वाटलं, जत्रेत मिळते तशी नळी. तर एके दिवशी तो दारूखान्यातून, जुनी जहाजं मोडतात तिथून, जाडजूड काचेच्या दोन तबकड्या घेऊन आला. जहाजाच्या खिडक्यांच्या होत्या म्हणे. पोळपाटाएवढ्या, आणि उचलताना कंबर धरेल इतक्या जड.

"ह्या नवीन काय आनलंस?" सासूबाईंनी विचारलं.

दुसरा कुणी म्हणाला असता, जुन्या जहाजाच्या जुन्या काचा आहेत. खरंही होतं. आमचा हरिश्चंद्र म्हणाला, "नवीन दुर्बीण करणार आहे."

ओटीवरून सासऱ्यांचा खाकरण्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी काचा न्हाणीघराच्या मागे गेल्या आणि प्रकरण संपलं असं मी समजले.

संपलं नाही. नवऱ्याने परसात डांबराचं रिकामं पिंप उभं केलं, हलू नये म्हणून ते मिठाने भरलं, वर एक काच घट्ट बसवली. त्यावर काळी भुकटी आणि पाणी टाकून दुसरी काच पुढे-मागे घासायला लागला. दुर्बिणीचा आरसा असाच होतो. वरची काच घासून घासून मध्ये खोलगट होते. पण एकाच जागी उभं राहून घासलं तर ती वाकडी झिजते, म्हणून चार-पाच घासे मारायचे, एक पाऊल बाजूला सरकायचं, पुन्हा घासायची. असं पिंपाभोवती गोल गोल फिरत राहायचं. कामावरून आला, चहा घेतला, की हा पिंपाभोवती फिरायला लागायचा. दोन तास, रोज.

चौथ्या दिवशी शेजारची काकू कुंपणापाशी येऊन उभी राहिली. पाचव्या दिवशी ती आणखी तिघींना घेऊन आली. सहाव्या दिवशी शनिवार होता, आणि त्या दिवशी पिंपासमोर रुईच्या पानांचा हार आणि नारळ होता.

"बापासाठी पोर परदक्शिना घालतंय," काकू सासूबाईंना सांगत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अशी पोरं आता कुटं मिलतात?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नवरा घासायचा थांबला आणि सगळ्यांना समजावून सांगू लागला की ही प्रदक्षिणा नाही, यात भिंग... म्हणजे भिंग नाही, आरसा... आणि कोन सगळीकडून सारखा यावा म्हणून... बायका मान डोलवत ऐकत होत्या. कीर्तनात ऐकतात तसं. त्याचं संपल्यावर काकूने पिंपाला कुंकू लावलं. ते कुंकू वाऱ्याने काचेवर गेलं आणि त्याला सगळी काच धुवून पुन्हा सुरुवात करावी लागली.

मी त्याला सांगितलं, "गप्प राहा. प्रदक्षिणा कधी नवीन नसते." ते त्याला पटलं नाही, पण सासऱ्यांना आपोआप पटलं होतं. त्या दिवसापासून ओटीवरचं खाकरणं बंद झालं.

पुढचं वर्षभर आमचं परसू हे एक लहानसं देवस्थान होतं. शनिवारी बायका यायच्या, नवऱ्याच्या मागून पिंपाभोवती फिरायच्या. एकदा पालीहून मासे विकायला आलेल्या बाईनेही टोपली खाली ठेवून पाच फेऱ्या मारल्या, "आलीच हाय तर" म्हणून. घासणं संपून काचेला चकाकी आणायची वेळ आली, तेव्हा नवऱ्याने एक लाल पूड आणली. ती पाण्यात कालवून डांबराच्या गादीवर काच फिरवायची. लाल पूड दिसताच बायकांनी तो शेंदूर समजून कपाळाला लावला. ती पूड काही केल्या निघत नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्या आळीतल्या सगळ्या बायकांची कपाळं भुवयांपर्यंत लाल होती आणि सगळ्यांना त्याचा अभिमान होता.

मला काय वाटायचं, ते सांगते. मला राग यायचा. दोन तास तो पिंपाभोवती फिरायचा आणि मी न्हाणीत कपडे आपटत असायचे. माझ्याशी बोलायला त्याला सवड नसायची, पण काच घासल्याचा आवाज बदलला की धावत मला सांगायला यायचा, "ऐक, ऐक, आता बारीक झाला!" मी ऐकायचे. खरं म्हणजे आवाज खरंच बारीक झालेला असायचा.

आरशाला चांदीचा मुलामा चढला. पत्र्याची सहा-सात फूट लांब नळी करायला केबिन रोडच्या पत्रेवाल्याकडे दिली, तर त्याने न विचारता वर धुराड्यासारखी टोपी बसवून दिली. "बारीश में पानी जाएगा ना," म्हणाला. टोपी कापून काढावी लागली. नळी हलवायला बैलगाडीचा आस आणि चाक, डोळा लावायची भिंगं चोरबाजारातली, नेम धरायला दोन डोळ्यांच्या एका मोडक्या दुर्बिणीची अर्धी बाजू. आणि नळी तोलायला दुसऱ्या टोकाला मिठाची पिशवी, कारण आमच्या घरात वजनाला दुसरं काही सुचतच नसे. ही एक मोठी चूक होती. संध्याकाळची दमट हवा मीठ पितं आणि जड होतं. तासाभरात पिशवी खाली बसायची आणि नळीचं तोंड आपोआप बदलायचं. नवरा दर थोड्या वेळाने पिशवीतून मूठभर मीठ काढायचा आणि ते मी दुसऱ्या दिवशी आमटीत घालायचे.

दुर्बीण तयार झाली तेव्हा ती सगळ्यात आधी सासऱ्यांनी वापरली, आणि तीसुद्धा भरदिवसा. नवऱ्याने तपासण्यासाठी ती मिठागराच्या दिशेने लावली होती. या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं. सासऱ्यांनी डोळा लावला तर मीरा रोडच्या बाजूला आपले मजूर आभाळाला लटकून चाललेले, टोपल्या खाली आणि माणसं वर. आणि एक मुकादम मिठाच्या ढिगाला पाठ लावून, डोकं खाली पाय वर, गाढ झोपलेला. संध्याकाळी त्याला बोलावून विचारलं तर तो मुकाट्याने कबूल झाला.

"खरा बोलते ही नली," सासरे म्हणाले. तेव्हापासून त्यांचा दुर्बिणीवर जोशीबुवांइतकाच विश्वास बसला.

हे सगळं चाललं असताना माझ्या आयुष्यात एकच गोष्ट घडली. स्टेशनपलीकडच्या, पश्चिमेच्या शाळेतल्या एक बाई नोकरी सोडून गेल्या आणि हेडमास्तरांनी मला चिठ्ठी पाठवली. तुमचं ट्रेनिंग झालंय असं कळतं. जागा आहे. महिनाअखेरपर्यंत होकार कळवा. चिठ्ठीत आणखी एक ओळ होती की वयाची अट पाहता पुढच्या वर्षी तुम्हाला घेता येणार नाही.

ती चिठ्ठी मी इतक्या वेळा वाचली की घडीवर फाटली. मी पाच वर्षं भाकऱ्या थापत होते, आणि थापताना मनात पाढे म्हणायचे, फळ्यावर लिहिल्यासारखे तव्याच्या काठावर पिठाने अक्षरं काढायचे. मला शिकवायचं होतं. एवढीच गोष्ट मला येत होती आणि एवढीच मला हवी होती.

सासऱ्यांना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "अजून अडीच वरसं हायत. तवर नवीन काय न्हाय."

"मामंजी, ट्रेनिंग लग्नाआधीच झालंय. ही दुरुस्तीच समजा."

त्यांनी खरोखर विचार केला. वरच्या वाशांकडे बघत, चांगला पाच मिनिटं. मग म्हणाले, "शिकला जुना. पन शाला नवी. बाकं नवी. पोरं तं दर वरसाला नवी." नवरा शेजारीच उभा होता. वडलांशी वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं तर तो जमिनीकडे बघत होता. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही, आणि पुढचे चार दिवसही नाही.

पाचव्या दिवशी मीच मामंजींपुढे जाऊन उभी राहिले. महिना संपायला आठवडा उरला होता. "मामंजी, तुम्ही दलालाशी कधी बोलत नाही. माणूस समोर आण, म्हणता. मग पाच वर्षं ज्या शनीचं ऐकताय त्याचं तोंड तरी कधी पाहिलंय? जोशीबुवा दलालच की. परसात नळी उभी आहे. शनी रोज डोक्यावर असतो. एकदा स्वतः बघा, आणि मग मला नाही म्हणा."

सासूबाईंनी कानावर हात ठेवले. सासऱ्यांनी पानाचा डबा बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला.

"बात खरी हाय," म्हणाले. "पन शनीच्या नजरंसमोर उभा न्हाय राहाचा. समोरून बगला तं नजर लागते."

ही अडचण खरी होती. देवळातसुद्धा शनीसमोर कुणी नीट समोर उभं राहत नाही, जरा बाजूला सरकून हात जोडतात. तेव्हा माझा नवरा, चार दिवसांत पहिल्यांदाच, बोलला. "बाबा, ही दुर्बीण समोरून बघायचीच नाही. आरसा खाली असतो. त्यातलं बिंब वर छोट्या आरशात पडतं आणि आपण बाजूला उभं राहून आडवं बघायचं. शनी आरशात, तोही दुसऱ्या आरशात. तो वर, तुम्ही बाजूला. तुमची त्याची गाठच पडत नाही."

हे सगळं अक्षरशः खरं होतं. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "म्हंजे आडून बगाचा."

"आडून."

"शनवारी," सासरे म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या परसात अर्धी आळी होती. जानेवारी संपत आला होता, चंद्र नव्हता. शनी जवळजवळ डोक्यावर होता, त्यामुळे नळी आभाळाकडे तोंड करून उभी, विहिरीच्या कठड्याहून उंच. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा अंघोळ केली होती, पांढरं धोतर, टोपी, कोर्टात जाताना घालायचा कोट. स्टुलावर चढून बघायचं होतं. घरटी एक बाई शनिवारचं म्हणून तेलाची वाटी घेऊन आली होती, आणि नवऱ्याचे डोळे त्या वाट्यांवरच होते. उघड्या नळीच्या तळाशी त्याचा आरसा होता. चांदीचा थर इतका नाजूक की त्याला बोट लावायचं नाही, फुंकरसुद्धा जपून मारायची. "तेल नाही," तो एकेकीला सांगत फिरला. "पाया पडा, काहीही करा. तेल नाही." शेवटी त्याने सगळ्या वाट्या गोळा केल्या आणि कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवल्या.

ती जागा म्हणजे माझ्याजवळ. नळीच्या दुसऱ्या बाजूला शिडी लावून मी वरच्या पायरीवर बसले होते, हातात काळी छत्री, कारण रेल्वेच्या दिव्याचा उजेड नळीत शिरत होता आणि तो अडवायचं काम माझं होतं. सहा वाट्या त्याने माझ्या शेजारी विहिरीच्या खांबावर मांडल्या. "तू आहेस म्हणून ठेवतो," म्हणाला.

मग त्याने नेम धरला, भिंग पुढे-मागे केलं आणि बाजूला झाला. "बघा बाबा."

सासरे स्टुलावर चढले. तोंड मुद्दाम दुसरीकडे वळवून, एकच डोळा भिंगाला लावला. छत्री धरून माझा हात अवघडला होता. माझी शाळा, माझा फळा, सगळं त्या म्हाताऱ्या डोळ्यात जाऊन बसलं होतं.

"दिसला," ते हळूच म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "लहान हाय रं. कडा घातलाय." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "बिचारा एकटा हाय."

मी देवाचे आभार मानणार एवढ्यात ते ताठ झाले.

"हालला!"

"काय?"

"त्यो हालला. कडंला चाललाय. चाललाय... चालला..." त्यांनी नळी दोन्ही हातांनी धरायचं तेवढं ठेवलं. "गेला! शनी गेला!"

आता यात काही चमत्कार नव्हता. पृथ्वी फिरते, नळी फिरत नाही, त्यामुळे एवढ्या मोठ्या दुर्बिणीत कुठलाही तारा मिनिटभरात एका कडेने आत येतो आणि दुसऱ्या कडेने निघून जातो. मी हे नवऱ्याकडून पन्नास वेळा ऐकलं होतं. नळी जराशी ढकलली की तारा पुन्हा मध्ये. पण सासरे स्टुलावर उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडत होते, "माज्या डोल्यांदेखत गेला! साडेसाती सुटली!" आणि खाली आळीभर गलका उठला. सासूबाई रडायला लागल्या. काकूने शेजारणीला मिठी मारली.

शनी, सांगायचं म्हणजे, डोक्यावर होता तिथेच होता. नुसत्या डोळ्यांनी, चांगला ठळक, पिवळसर. पंचवीस-तीस माणसं तिथे होती आणि एकानेही मान वर केली नाही.

एक सोडून. माझा नवरा. त्याने वर पाहिलं, मग नळीकडे पाहिलं, आणि पुढे होऊन नळीला हात घातला. त्याचं तोंड उघडलं होतं. तो चेहरा मी ओळखत होते. पोह्यांच्या बशीपासून ओळखत होते. आता तो म्हणणार, थांबा बाबा, गेला नाही, हा बघा आणतो परत. आणि आणणार.

मला विचार करायला वेळ होता, असं मी म्हणणार नाही. पण वेळ नव्हता असंही नाही. मी छत्री सोडली, जवळची वाटी उचलली आणि सगळं तेल नळीत ओतलं. मग दुसरी वाटी. खाली, सात फुटांवर, ते आरशावर पडल्याचा आवाज मला आला. एकदम शांत आवाज होता.

नवऱ्याचा हात नळीवर तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाय!" सासूबाई खालून हात जोडत ओरडल्या, मला हात जोडत. "जाताना तेल घातला! कोनाला सुचला न्हाय, माज्या सुनेला सुचला!" मग उरलेल्या चार वाट्यांसाठी बायकांची झुंबड उडाली. शिडी त्यांनी जवळजवळ माझ्यासकट नेली. नळीत तेल गेलं, उडीद गेले, रुईचा हार गेला. मागाहून एक नारळही गेला असता, पण तो तोंडाशी अडकला.

सासरे स्टुलावरून उतरले, कोट झटकला आणि मला बोलावलं. "सोमवारी शालंत होकार कलव. आता माजी हरकत न्हाय. मी त्याला समोर बगलाय... आडून बगलाय." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात ते काढीनातच. पाच वर्षं तो माणूस किती घाबरून जगत होता, ते मला त्या हातावरून कळलं आणि मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, भक्तीने.

त्या भक्तीपायी पुढे मला दर शनिवारी उपास करावा लागला, कितीतरी वर्षं, कारण अशी सून कुणाच्या घरात नव्हती. शाळेत शनिवारी अर्धा दिवस असायचा आणि शेवटच्या तासाला माझं डोकं भणभणायचं. ते मी निमूट सोसलं.

रविवारी सकाळी उठले तर नवरा विहिरीपाशी उकिडवा बसला होता. नळी आडवी, उघडलेली. आरसा त्याने मांडीवर धोतरावर घेतला होता आणि रिठ्याच्या पाण्याने, कापसाने, अगदी न दाबता, तेल टिपत होता. कापसाबरोबर चांदीही येत होती. मध्ये काच नितळ दिसायला लागली होती, तिच्यातून धोतराची किनार दिसत होती. दीड वर्ष तो या काचेभोवती फिरला होता.

मी चहा ठेवला आणि समोर बसले. रात्रभर मनात जुळवलेलं सगळं बोलले. की मला दुसरं काही सुचलं नाही. की मला ही शाळा हवी होती, तुम्हाला माहीत आहे किती हवी होती. की तुम्ही खरं बोललाच असता, तुम्हाला दुसरं येतच नाही. की शनी तुम्ही परत आणलाच असता.

त्याने नवा कापूस रिठ्याच्या पाण्यात बुडवला.

"परत नव्हतो आणत," म्हणाला.

"मग नळीला हात कशाला घातला?"

"बाबा पुन्हा डोळा लावतील, असं वाटलं. आणि नळी थोडी हलली असती तर तो परत दिसला असता." त्याने कापूस पिळला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "मी ती लांब ढकलणार होतो. गेला, असंच सांगणार होतो."